माळावर लावलेली झाडं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी चंदनसारला घरी कपडे वाळत घालत होते. "हे गेले," एवढंच बोलली. माझा थोरला भाऊ वाडीत पाणी लावून आला, चहा मागितला आणि ओट्यावर बसल्याबसल्या गेला... महिना उलटला, अजून खरं वाटत नाही.

आम्ही वसईचे वाडीवाले. केळी, पानवेली, नारळ यांत वाढलेले. रिकामी जमीन दिसली की आमचे हात शिवशिवतात. निवृत्तीनंतर दादाला पक्ष्यांचा नाद लागला आणि माळढोक बघायला तो कच्छमधल्या चुनखडीच्या राखीव माळावर गेला. कातळावर बोटभर माती, वर गवत, सावलीचं नाव नाही. ते बघून तो कळवळला. पुढच्या खेपेला हा बहाद्दर वाडीतली कडुलिंबाची रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला, कुणाला न विचारता माळाच्या कडेला लावून आला आणि वर्षभर आम्हाला ते कौतुकाने ऐकवत राहिला.

रोपं कमरेला लागली तेव्हा तिथल्या वनरक्षकाने त्याला समजावलं. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, चौफेर नजर पोचेल अशा जागी. झाड आलं की त्यावर कावळे बसतात आणि अंडं त्यांच्या तावडीत सापडतं. दादाने सगळी झाडं स्वतः उपटली.

"आयुष्यात कधी जितं झाड उपटलं नव्हतं गं," घरी आल्यावर मला म्हणाला. "आणि आता तिथं नरच उरला नाही. माद्या अंडी घालतात, उबवत बसतात... पोकळ अंडी."

तरी दरवर्षी जायचा. कुठून तरी एखादा नर येईल, ही आशा काही सुटली नाही. तो आला नाही. दादाची ती एकच इच्छा राहून गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा मी वहिनीकडे होते, तेव्हा शेजारी दादाच्या नावाने लावायला आंब्याचं कलम घेऊन आले. आमच्या आळीत तशी रीत आहे. विहिरीमागे दादाने एक तुकडा मोकळा राखला होता, तिथे टिटवी अंडी घालते. सगळ्यांच्या नजरा तिकडेच गेल्या.

"तिथं नको," वहिनी म्हणाली. "ह्यांच्या नावानं तेवढं उघडं राहू दे."

मंडळी जरा नाराज होऊनच गेली. मग वहिनी वाकून त्या तुकड्यात आपोआप उगवलेली रोपं काढायला लागली. दादा हे रोज सकाळी करायचा म्हणे. मीही तिच्या शेजारी बसले. एक आंब्याचं रोप हाताला लागलं, तांबूस पानांचं, कोवळं. ते उपटलं आणि मला रडू फुटलं.