फुटपाथवरची स्थापना

तुमची गाडी आत्ता कुठे उभी आहे?

आमच्या पलासिया भागातल्या एका दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामासाठी येणाऱ्या काकू मला रोज दिसतात. हातात काठी, खांद्याला पिशवी, आणि चालताना "चला सरकार, चला" असं पुटपुटणं. हे त्या स्वतःच्या गुडघ्यांना म्हणतात. फुटपाथवर गाडी उभी असली की त्यांना वाहत्या रस्त्यावर उतरावं लागतं. मागच्या महिन्यात तिथेच एका स्कूटरने त्यांची काठी उडवली. फुटपाथ चालणाऱ्यांचा, आणि उतरायचंही चालणाऱ्यांनीच!

परवा एक पांढरी गाडी तिसऱ्या दिवशीही फुटपाथवरच उभी होती. काकूंनी पिशवीतून कुंकू काढून बॉनेटला लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, उदबत्ती पेटवली. मालक धावत येईपर्यंत दोघे जण नमस्कार करून गेले होते.

"आंटीजी, ये क्या है?"

"भिया, तीन दिन से गाडी हललीच नाही. मला वाटलं, स्थापना झाली."

"अरे, बस पाच मिनट के लिए..."

"मग विसर्जन करा ना! आम्हाला चालायचंय."

गाडी निघाली. काकू फुटपाथवरूनच दवाखान्यात गेल्या.

त्यांच्या पिशवीत कुंकू अजून पुष्कळ आहे. तुमची गाडी फुटपाथवर असेल, तर हे वाचणं सोडा आणि आधी ती खाली उतरवा.