व्याह्यांबरोबर टुंड्रात

माझ्या मुलीच्या लग्नाला पाच वर्षं झाली, तरी मी आणि माझे व्याही एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. ते हडपसरचे, पिढीजात शेतकरी. गाव शहरात गेलं, चहूबाजूंनी काचेच्या इमारती उठल्या, पण विहिरीजवळचा एक तुकडा त्यांनी राखून ठेवलाय आणि त्यात अजूनही दोडका, घेवडा लावतात. मी खडकीचा. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी झाली, क्वार्टरमध्येच मुलगी लहानाची मोठी झाली. आम्ही बौद्ध, त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. मुलांनी कॉलेजात एकमेकांना पसंत केलं आणि नोंदणी पद्धतीने लग्न केलं. कुणी विरोध केला नाही, कुणी पेढेही वाटले नाहीत. भेटलो की ते ‘रामराम’ म्हणायचे, मी ‘जय भीम’ म्हणायचो, आणि मग दोघंही पंख्याकडे बघत बसायचो.

मुलगी आणि जावई अलास्कात राहतात. मुलगी तिथल्या विद्यापीठात मातीचा अभ्यास करते. दोघांनी उन्हाळ्यात एका सहलीला नाव नोंदवलं होतं. छोटं विमान तुम्हाला टुंड्रात नेऊन सोडतं, जिथे रस्ता नाही, गाव नाही, झाडसुद्धा नाही. मग वाटाड्याबरोबर आठ दिवस चालायचं आणि ठरल्या जागी विमान परत न्यायला येतं. तेवढ्यात मुलीला दिवस गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी असल्या प्रवासाला साफ नाही म्हटलं, आणि जावई तिला सोडून जायला तयार नाही. बाळंतपणासाठी आम्ही चौघं आईबाप जुलैत तिकडे जाणारच होतो. एका रविवारी तिने दोन्ही घरांना एकदमच व्हिडिओ कॉल लावला.

“पप्पा, आमच्याऐवजी तुमची दोघांची नावं दिलीत,” ती म्हणाली. “आई आणि सासूबाई माझ्याजवळ राहतील. तुम्ही दोघं घरात बसून काय करणार?”

माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. पडद्याच्या दुसऱ्या चौकटीत व्याही टोपी सारखी करत होते. मग त्यांनी विचारलं, तिकडं पाऊस किती पडतो. तो त्यांचा होकार होता, हे मला नंतर कळलं.

पाठीवर पंधरा किलो घेऊन चालायचा सराव करा, असं सहलवाल्यांनी कळवलं होतं. म्हणून आम्ही वेताळ टेकडी ठरवली, मला जवळची, त्यांना लांबची. मी मुलीच्या जुन्या दप्तरात विटा घालून यायचो, प्रत्येक वीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वजन करून. व्याही बियाण्याच्या पिशवीतून भोपळे आणायचे. टेकडी चढेपर्यंत ते भोपळे वाहायचे आणि वर पोचलो की माझ्या हातात द्यायचे. “उतरताना वझं कशाला?” एवढंच म्हणायचे. त्यामुळे उतरताना माझ्याकडे विटाही असायच्या आणि भोपळाही. त्या जूनमध्ये आमच्या घरी भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत आणि घारगे असं आलटून पालटून चाललं होतं.

लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे घ्यायला आम्ही शनिवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार वर्तमानपत्र वाचत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “जूनमध्ये?” मी त्याला सविस्तर सांगितलं की आम्ही टुंड्रा प्रदेशात निघालोय, तिथे उन्हाळ्यातही थंडी असते. त्याने पान उलटलं. “मग तिकडेच घ्या. त्यांच्याकडे रोजचा खप असेल.”

बाहेर येऊन आम्ही बोळात उभे राहिलो आणि व्याही हसायला लागले. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते पहिल्यांदा.

ऑगस्टच्या सुरुवातीला जावयाने आम्हाला एका धावपट्टीवर नेऊन सोडलं. आमची वाटाडी तिशीतली मुलगी होती, बुटकी, उन्हाने रापलेली, शांत. सहलीत आम्ही दोघं आणि ती, असे तिघंच. वैमानिकाने आधी आम्हाला वजनकाट्यावर उभं केलं, मग पिशव्यांना. व्याह्यांची पिशवी भरली जास्त. वाटाडीने उघडली, तर आत ज्वारीचं पीठ. चांगलं पाच किलो. शिवाय शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि लोखंडी तवा. अस्वलांना वासाच्या वस्तू आवडतात, असं तिने समजावलं, आणि एक किलो पीठ आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी ठेवू दिली. तवा धावपट्टीवरच्या खोलीत राहिला. व्याही वळून वळून त्याच्याकडे बघत होते.

विमान नदीच्या गोट्यांवर उतरलं. आमचं सामान काढलं, वैमानिकाने हात केला आणि उडून गेला. त्याचा आवाज डोंगराआड विरला, आणि मग काहीच ऐकू येईना. माझा जन्म कारखान्याच्या भोंग्यावर गेलेला. मुलीने आम्हाला कुठे आणून टाकलं, असं वाटलं. मी व्याह्यांकडे पाहिलं, तर ते उकिडवे बसून माती उकरत होते. हातभर खोल गेल्यावर थांबले.

“खाली बर्फ हाय,” म्हणाले. मग उठून चारी दिशांना पाहिलं. हिरवं-तांबूस रान क्षितिजापर्यंत पसरलेलं. “व्याही, एक बी बांध नाय. हद्द कशी ठरवत्यात?”

मी वाटाडीला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, इथे कुणाची हद्द नाही. हे मी त्यांना मराठीत सांगितलं, तर त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य मोजणी आणि तलाठी यांत गेलं, त्याला ती गोष्ट पचायला दिवस लागला.

चालणं सोपं नव्हतं. लांबून गालिचा वाटणारी जमीन म्हणजे गवताचे गड्डे आणि त्यांच्या मधे पाणी. गड्ड्यावर पाय ठेवला की तो मान हलवल्यासारखा हलायचा. पहिल्याच दिवशी मी मांडीपर्यंत पाण्यात गेलो, दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि दर वेळी व्याह्यांनीच हात देऊन बाहेर ओढलं. व्याह्यांचा पाय एकदाही चुकला नाही. पाणी भरलेल्या उसात चालायची सवय, म्हणाले. त्यांनी मला शिकवलं: गड्ड्यावर नाही, दोन गड्ड्यांच्या मधे, जिथे पाणी उथळ दिसतं तिथे, आणि टाच आधी नाही. पुढचे तीन दिवस ते पुढे आणि मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागे. तंबू उभारणं, दोऱ्या ताणणं, पिशव्या भरणं हे मात्र माझ्याकडे आलं. माझ्या हातची गाठ सुटत नाही, हे त्यांनी लगेच हेरलं आणि सकाळ-संध्याकाळ निवांत बसून माझं काम बघायला लागले.

एकदा वाटाडीने त्यांना थांबवलं. त्यांच्या बुटाशेजारी एक रोपटं होतं, घोट्याएवढं. हे झाड आहे, ती म्हणाली, आणि बहुधा तुमच्याहून वयाने मोठं. मी भाषांतर केलं. व्याह्यांनी पाय मागे घेतला आणि वाकून, म्हाताऱ्या माणसाला करावा तसा, त्याला नमस्कार केला. तिथून पुढे ते असं झाड दिसलं की वळसा घालायचे. आम्हाला मुक्कामावर पोचायला उशीर व्हायला लागला. वाटाडी एकदाही त्यांना लवकर चला म्हणाली नाही.

उतारांवर निळी बारकी फळं लागली होती, आंबटगोड. दुपारी आम्ही दोघं पोटावर झोपून ती खायचो. हात-तोंड जांभळं व्हायचं. साठी उलटलेले दोन व्याही, एक निवृत्त तपासनीस आणि एक बागायतदार, पालथे पडून फळं खातायत, हे खडकीत किंवा हडपसरात कुणाला सांगून पटलं नसतं. आम्ही त्या वेळी काही बोलायचोही नाही. बोलायची गरज नव्हती, आणि ते अवघडही वाटत नव्हतं.

आठव्या दिवशी आम्ही ठरल्या जागी पोचलो, आणि धुकं उतरलं. इतकं, की तंबूतून नदी दिसेना. विमान येणं शक्यच नव्हतं. वाटाडीने तिच्याजवळच्या उपग्रह यंत्रावरून मुलीला निरोप पाठवला की सगळे ठीक आहेत, उशीर होईल. दुसऱ्या दिवशीही धुकं तसंच. खायला पाकिटातलं सूप भरपूर होतं, पण नऊ दिवस तेच खाऊन व्याह्यांच्या तोंडाची चव गेली होती. त्यांनी अस्वलापासून जपायच्या डब्यातून ते एक किलो पीठ काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

“आणलंय खरं,” म्हणाले, “पण थापायचं कुणी? मला येत नाय.”

मला येत होतं. मी आणि बायको, दोघंही कारखान्यात, पाळ्या वेगळ्या. मुलीच्या डब्याच्या भाकरी मी कित्येक वर्षं केल्यात. स्वयंपाकाचा तंबू आमच्या झोपायच्या तंबूपासून बराच लांब होता. तिथे तिघं दाटीवाटीने बसलो. मी पाणी उकळलं, पीठ मळलं, त्या डब्याच्या सपाट झाकणावर भाकरी थापली. तवा नव्हता, म्हणून सूपाच्या पातेल्याच्या तळावर भाजली आणि शेवटी चिमट्याने सरळ ज्योतीवर धरली. तिसरी भाकरी टम्म फुगली. वाटाडीने टाळी वाजवली.

ती मी व्याह्यांच्या हातावर ठेवली, वर चटणी. त्यांनी एक घास खाल्ला, चावला, गिळला आणि थांबले. मला वाटलं मीठ कमी पडलं.

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी जेवायला बोलावलं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “मी म्हटलं, उपास हाय. आठवतंय?”

आठवत होतं. बायको पहाटेपासून खपली होती. ते खुर्चीत बसून राहिले होते आणि पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

“उपास नव्हता त्या दिवशी.”

“माहीत होतं मला,” मी म्हणालो.

“मग बोलला का नाय?”

“माझी पोर तुमच्या घरात नांदायची होती.”

ते हातातल्या भाकरीकडे बघत राहिले. वाटाडीला भाषा कळत नव्हती, पण तिनेही खाणं थांबवलं होतं. “चुकलं माझं,” व्याही म्हणाले. “लई वर्सं म्हणायचं होतं. तुमच्याशी बी आन् वैनींशी बी.”

पाच वर्षं मी हे शब्द मनात त्यांच्याकडून कितीदा वदवून घेतले होते, आणि उत्तरंही तयार ठेवली होती, चांगली खरमरीत. त्यातलं एकही आठवेना. राग गेला असंही नाही. पण समोर बसलेला माणूस आठ दिवस मला पाण्यातून ओढून काढत होता. मी म्हटलं, वैनींना तुम्हीच सांगा, माझ्यामार्फत नको. आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ते हो म्हणाले आणि उरलेली सगळी भाकरी, चुरादेखील न सांडता, खाल्ली. आणखी दोन खाल्ल्या. वाटाडीने चटणी कशाची म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी माझी वाट न बघता स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं, “माय फार्म.” शेंगदाणा बाजारातला होता, पण मी दुरुस्त केलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी बाहेरून आवाज आला. टक टक, टक टक, शेकडो ठिकाणांहून. धुकं वर चढत होतं आणि त्याखालून पाय दिसायला लागले, मग पोटं, मग शिंगं. कॅरिबू, तिकडची हरणं, नदी ओलांडून आमच्या तंबूंच्या दोन्ही बाजूंनी चालली होती. वाटाडीने खुणेने बसायला सांगितलं. आम्ही गोट्यांवर बसलो. तो टकटकाट त्यांच्या घोट्यांतून येतो, ती कुजबुजली. मी व्याह्यांच्या कानात सांगितलं.

“माझ्या गुडघ्यावानी,” ते म्हणाले.

आयुष्यभर बैल आणि गाई सांभाळलेला माणूस तो. मागे राहिलेल्या एका वासराकडे त्यांनी बोट दाखवलं. त्याची आई पाण्यापलीकडे थांबून मागे बघत होती. वासरू उतरलं, वाहत गेलं, पाय टेकले, चढलं. व्याह्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. तो त्यांनी कळप निघून गेल्यावरही सोडला नाही, आणि मीही सोडवला नाही. दोघांच्या चेहऱ्यावर काय होतं माहीत नाही. वाटाडीने आमचा फोटो काढलाय, त्यात आम्ही दोघंही तोंड उघडं टाकून बसलोय.

दुपारी विमान आलं. मुलीच्या घरी पोचलो तेव्हा अंगाला इतका वास येत होता की विहीणबाईंनी आम्हाला दारातच थांबवलं. आंघोळ झाल्यावर व्याही स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या बायकोशी बोलले. मी मुद्दाम बाहेर थांबलो. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. मला म्हणाली, इतका वेळ लावायची काय गरज होती त्यांना, आणि मग, आता भूक लागली असेल दोघांना.

सप्टेंबरात नात झाली. तिला बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दोघं आलटून पालटून कॅरिबूची गोष्ट सांगत होतो, शेवटी बायका कंटाळल्या. त्यांनी आपसांत काहीतरी ठरवलं, आणि मुलीने ते आम्हाला कळवलं: पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी जाणार, आम्ही बाळ सांभाळायचं. आमचा दोघांचा चेहरा बघण्यासारखा झाला असावा.

आणि पुढच्या जुलैत आम्ही चौघं परत तिकडे पोचलो, तेव्हा त्या खरोखर गेल्या. पायात बूट, डोक्यावर टोपी, माझ्या बायकोच्या पिशवीत धपाटे. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर. घरात दहा महिन्यांची नात आणि आम्ही दोघं. पहिल्याच दिवशी तिचं डायपर उलटं लागलं. माझं म्हणणं, व्याह्यांनी लावलं; त्यांचं म्हणणं, मी. आवाज चढले. ते म्हणाले, कारखान्यात तुम्ही काय तपासत होता कुणास ठाऊक. मी म्हणालो, तुम्ही भोपळेच सांभाळा. नात मधे बसून दोघांकडे बघत होती आणि खदखदून हसत होती.