बंब परत येईपर्यंत

विठ्ठलवाडीला आमच्या चाळीमागे लाकडी सामानाचा एक कारखाना होता. नव्वदच्या आसपास एका दुपारी तो जळाला. माणसं वाचली, पण आमच्या खिडकीतून ज्वाळा दिसत होत्या आणि पहिलीतली माझी मुलगी तिथेच उभी होती. त्यानंतर मी स्टोव्ह पेटवायला काडी ओढली की ती किंचाळत बाहेर पळायची. नवरा म्हणाला, मोठी झाली की विसरेल. मला ते पटेना.

माझ्याबरोबर कंपनीत पॅकिंगला असलेल्या बाईंनी सांगितलं, अंबरनाथला फायर ब्रिगेडच्या आवारात एका खोलीत जुना बंब आणि जुनं सामान मांडून ठेवलंय, रविवारी मुलांना बघू देतात. नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी मुलीला आणि तिच्या धाकट्या भावाला घेऊन निघाले. बसमध्ये ती रडतच होती.

खोली एका वयस्कर जवानाने उघडून दिली. हाताने दांडा मारून पाणी उपसायचा लाल बंब, डोक्यावर घालायचे पितळी टोप, कातडी बादल्या. धाकटा लगेच चाकावर चढला. मुलगी दारातच माझा पदर धरून उभी. तेवढ्यात बाहेर खरी घंटा वाजली. रुळांजवळ कुठेतरी गवत पेटलं होतं. आम्हाला बसायला सांगून तो जवान धावत गाडीवर चढला.

मुलगी मला फाटकाकडे ओढू लागली. "आई, घरी चल ना."

"ते परत आले की जाऊ," मी म्हटलं आणि पायरीवर बसले. मलाही तिथून निघावंसंच वाटत होतं. पण तेव्हा उठले असते, तर तिच्यासाठी ती गाडी कायम आगीकडे गेलेलीच राहिली असती.

उन्हं चढली. धाकटा माझ्या मांडीवर झोपला. मग गाडी आली. सगळे काजळलेले, भिजलेले, कुठल्याशा गोष्टीवर हसत. त्या जवानाने हात धुतले आणि चहासाठी कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवला. मुलीने माझा दंड घट्ट धरला, पण पळाली नाही. बराच वेळ बघत राहिली, मग हळूच विचारलं, "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की," तो म्हणाला. "म्हणून आधी पाणी भरून ठेवतो."

त्या संध्याकाळी मी काडी हातात घेतली, तशी ती उठली. मला वाटलं, आता पळणार. ती मोरीतून अर्धी बादली पाणी फरफटत घेऊन आली, स्टोव्हशेजारी ठेवली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी स्टोव्ह पेटवला.

नंतर कितीतरी दिवस त्या बादलीला ठेचकाळून नवरा कुरकुरायचा. बादली हलणार नाही, असं मी त्याला एकदाच सांगितलं.