शेंदराखालचं गाव

हिंगणघाटात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि जुन्या गोष्टींतलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. दुसऱ्या गोष्टीमुळे पहिलीचं बरंच नुकसान झालं.

कलकत्त्याहून एक चिनी बाई चौकशी करत माझ्या दुकानात आल्या. साठीच्या, हिंदी फर्मास. त्यांचे आजोबा सायकलवर रेशमी कापड विकत फिरायचे, इथेच वारले. त्यांच्या चीनमधल्या भावकीची वंशावळ नव्यानं लिहिली जात होती. मूळ गावाचं नाव सांगितलं तरच आजोबांची नोंद होणार. ते नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्यात कबरीच्या दगडावर गाव कोरतात, म्हणून त्या दगड शोधायला आल्या होत्या. कलकत्त्यात थोरला भाऊ अंथरुणाला खिळून वाट बघत होता. चिनी अक्षर वाचता येणारा घरात तो एकटाच.

"काळजी करू नका, मी आहे ना," मी म्हणालो.

आठवडाभर मी त्यांना उन्हातान्हात फिरवलं. नगरपालिका, स्मशानं, म्हातारे, सगळं झालं. शेवटी आमच्या घरी बसल्यावर त्यांनी पर्समधून जुना फोटो काढला; आठवडाभरात तसं काही आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. पांढरा उभा दगड, मागे विहीर.

बायकोनं चहा ठेवता ठेवता डोकावलं. "हे तर आपली वावरातली विहीर होय!"

आणि दगड? तो आमचा शेतातला देव. आमच्याकडे बांधावर उभा दगड दिसला की आधी शेंदूर, मग चौकशी. दर पोळ्याला मी त्याच्यापुढे नारळ फोडत होतो.

"काऊन हो, इतके वर्सं कोनाच्या आज्याले नारळ फोडून राह्यले तुमी?"

मी शरमेनं बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हम तो घर में संतरा चढ़ाते हैं. नारियल भी चलेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वावरात गेलो आणि देवाची माफी मागून मी पहार लावली. वर्षानुवर्षांच्या शेंदराची खोळ ताटासारखी अख्खी सुटली. खाली कोरलेली अक्षरं! पण त्यांवर मळाचा पातळ थर. बाई भावाला फोन लावायला बांधाच्या टोकाला गेल्या, आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला. गाडीत फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली होती. ओतली. दगडाला झकास फेस आला. मी खूश. फेस ओसरला तेव्हा दगडाच्या खालच्या भागातली अक्षरंही त्याच्यासोबत गेलेली.

व्हिडिओ कॉलवर दगड बघून भाऊ वाचू लागला. आजोबांचं नाव वाचलं, दगड बसवणाऱ्या मुलाचं, म्हणजे आपल्या वडिलांचं वाचलं, आणि थांबला. गावाचं नाव नेमकं त्या गेलेल्या अक्षरांत होतं.

बाईंनी बोटांनी तो गुळगुळीत झालेला भाग चाचपला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी खोळ उचलली. ती वेणा नदीत सोडायची रीत आहे, तेवढं तरी नीट करावं म्हटलं.

"ठेवा खाली!" बायको खेकसली. "कुठं चालले? तिच्या आतून पाहा ना!"

आत अक्षरं उठून आली होती. दगडात खोल, इथे उंच, फक्त उलटी. बाईंनी फोटो काढला, मोबाइलमध्ये तो उलटवला आणि भावाला पाठवला. आम्ही तिघं विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो. मी एकदाच काही बोलायला तोंड उघडलं, बायकोनं नुसतं पाहिलं.

फोन वाजला. भावानं गावाचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्याला वाचवेना. बाईंनी ते हिंदी अक्षरांत डायरीत उतरवून घेतलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

मग फोन कानाशी धरूनच म्हणाल्या, "भैया पूछ रहे हैं, दादाजी की जगह किसने सँभाली? वो भी वंशावली में लिखवाएँगे."

मी शर्टाची कॉलर नीट केली.

"लिवा ना," बायको म्हणाली, "पन अ‍ॅसिडचंबी लिवजा."

बाईंनी डायरी पुन्हा उघडली, पेनचं टोपण काढलं आणि गंभीरपणे विचारलं, "कौन सी कंपनी का?"