नानांचं ‘फ्री’

महिन्यापूर्वी एका सकाळी धुळ्याहून मामेभावाचा फोन आला, “नाना गेले रे... झोपेतच.” नाना म्हणजे माझे मामा. आयुष्यभर साडीच्या दुकानात विक्रेते होते. ‘साडीवर ब्लाउजपीस फ्री’ असं गिऱ्हाइकांना सांगता सांगता त्यांना त्या इंग्रजी शब्दाचा लळाच लागला. बसमध्ये सीट फ्री, सर्दी ओसरली की नाक फ्री, मामी माहेरी गेल्या की घर फ्री. हे शेवटचं ते मामींसमोरच म्हणायचे आणि आधी मामीच हसायच्या.

याच शब्दानं माझं लग्न मोडायला आलं होतं. मी जळगावात एका कारखान्यात सुपरवायझर होतो. रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, वंदना, हिला बघायला आम्ही गेलो. तिच्या वडिलांनी, आबांनी, माझी चौकशी केली तसे नाना अभिमानानं आपल्या अहिराणीत म्हणाले, “पोरगा एकदम फ्री शे.” वंदना मला आवडली होती, पण चार दिवसांनी नकार आला. मुलाची नोकरी सुटलेली दिसते, असं आबांना वाटलं म्हणे. मी पार हिरमुसलो. नाना मात्र कुणाला न सांगता पहिल्या एसटीनं निघाले आणि थेट आबांच्या केळीच्या मळ्यात पोचले. बांधावरूनच त्यांनी सांगितलं, “भाऊ, फ्री म्हनजे रिकामा नही. मोकया मनना शे.” आबांना हसू आवरेना. पण शेवटी मुलीचा बाप... माझ्या मुलीशीही तो असाच मोकळेपणानं बोलेल का, असं त्यांनी विचारलं. नाना बांध उतरून त्यांच्याजवळ गेले.

“तो नही बोलना ते माले सांगा. मी येसू.”

आणि लग्नानंतर ते खरोखर येत राहिले. आल्या आल्या वंदनाला बाजूला घेऊन, मी नीट बोलतो ना, ते विचारत. एकदा आमचा अबोला चालू होता, तर आम्हा दोघांना गच्चीवर बसवून स्वतः खाली पिठलं करत बसले. पिठलं करपलं, अबोला सुटला.

आबा हल्ली आमच्याकडेच असतात. नाना आले की दोघं व्याही एकाच कपातला चहा वाटून घ्यायचे, आबा बशीतून, नाना कपातून. आबांनी ती सवय सोडलेली नाही. अर्धा चहा बशीत ओततात आणि कप समोरच्या खुर्चीपुढे ठेवतात. परवा मी त्या खुर्चीत जाऊन बसलो. आबांनी कप तेवढा माझ्याकडे सरकवला.