चौघींच्या शर्यतीतली पेंढी

पेंढी डोळे मिटून डोंगर उतरायची. आमच्या कर्जतच्या घराच्या गॅलरीत, सकाळी दूध यायच्या सुमाराला, ती गुडघे वाकवून उभी राहायची, डोळे मिटायची आणि जागच्या जागी डावीकडे, उजवीकडे झुकायची. मध्येच एकदम खाली दबायची, मग उसळून सरळ व्हायची. ओठ हलत असायचे. मग डोळे उघडून शांतपणे दात घासायला जायची. बर्फावरच्या शर्यतीत रस्ता आधी पाठ करावा लागतो, कुठे वळण, कुठे उंचवटा, कुठे उडी, आणि ती तोच पाठ करत असे, हे आम्हाला तिने सांगितलं तेव्हा कळलं. समोरच्या काकूंना ते कळायच्या आत त्या एका मंगळवारी हळदकुंकू आणि नारळ घेऊन दारात आल्या.

"मुलीच्या अंगात येतं हे आधी सांगायचं नाही का?" त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "आमच्या दिनूच्या बदलीचं तेवढं विचारायचं होतं."

पेंढी तोंडात ब्रश धरूनच बाहेर आली. "काकू, मला बर्फाचं काय ते इचारा. बदलीचं मला कायपन म्हाईत नाय."

काकूंचा विश्वास बसला नाही. नारळ त्या ठेवूनच गेल्या. दिनूची बदली काही त्या वर्षी झाली नाही. हे सांगितलेलं बरं, नाहीतर अशा गोष्टी वाढत जातात.

पेंढी माझ्या बायकोच्या चुलतभावाची मुलगी. गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली आणि पुढेही हिवाळा सोडला तर बहुतेक आमच्याकडेच असायची. आत्याचा नवरा म्हणून मला मामा म्हणे. लहानपणी अंगाने इतकी किरकोळ होती की आजोबा तिला गवताची पेंढी म्हणत, तेच नाव राहिलं. खरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघत नसे.

तिच्याबरोबर बसने कुठे जायचं म्हणजे सगळा वेळ उतारांची चर्चा. तिचे वडील खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला, त्यांना डबा द्यायला आम्ही कधीकधी जायचो. शिळफाट्याला उतरेपर्यंत ती खिडकीतून बोट दाखवत असायची. "मामा, तो उतार साधा हाय. त्यो पलीकडचा लबाड. वरून सरळ दिसतो आनि मधीच पोट काढतो." मला सगळे उतार सारखेच दिसत. एकदा मी तसं म्हणालो, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला स्वतःची मुलं एकमेकांपासून ओळखता येत नाहीत.

तिला हे उतारांचं ज्ञान आलं ते गवतातून. दिवाळीनंतर तिच्या गावावरच्या डोंगराचं गवत वाळून पिवळं होतं. ते कापून, भारे बांधून, खाली टेंपो उभा राहतो त्या रस्त्यापर्यंत आणायचं काम बायकांचं. सगळी वाट डोक्यावर भारा आणला तर मान राहत नाही, म्हणून वरच्या अंगाचा उतार भारा सरकवत उतरतात. वाळलेलं गवत साबणासारखं गुळगुळीत असतं. भाऱ्याचा दोर दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्यायचा, गुडघे वाकवायचे, अंग मागे टाकायचं आणि टाचांवर घसरत यायचं. मागून भारा ढकलत असतोच. चार-पाच जणी एकामागून एक निघतात. या कामात एक नियम कडक आहे. पुढची पडली की मागच्या सगळ्यांनी तिथल्या तिथे फतकल मारून बसायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही, बसायचं. नाहीतर मागचा भारा पडलेल्या बाईच्या अंगावर जातो. पेंढी शाळेत जाऊ लागली त्याच्या आधी हे शिकली होती.

कॉलेजातून हिमालयातल्या एका शिबिरासाठी मुली निवडल्या त्यात ती गेली. बाकीच्या मुली पायांत बर्फावर घसरायच्या फळ्या बांधल्यावर पहिला सगळा दिवस आपटत होत्या, ही दुपारपर्यंत उतरू लागली. तिथल्या प्रशिक्षकाने तिला पुढच्या हिवाळ्यात परत बोलावलं, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात स्की क्रॉस नावाच्या प्रकारात घातलं. त्यात चौघी एकाच वेळी सुटतात. बर्फाचे उंचवटे, उड्या, कलत्या भिंतींसारखी वळणं, आणि शेजारून तिघींचे श्वास. पहिल्या दोघी पुढच्या फेरीत, उरलेल्या दोघी घरी.

"वेळ किती लागला?" मी तिला फोनवर विचारत असे.

"मामा, निवडीला एकेकटीला सोडतात तवा घड्याळ असतं. नंतर नाय. नंतर फक्त पुढं कोन हाय एवढंच."

हे मला बरेच दिवस पटलं नाही. ज्याला आकडा नाही त्याची नोंद ठेवायची कशी?

पुढचं मी पाहिलेलं नाही, तिने सांगितलं आणि नंतर मोबाइलवर दाखवलं. देशपातळीच्या तिच्या पहिल्या शर्यतीत ती दुसरी चालली होती. शेवटच्या वळणावर पहिली मुलगी पडली. रस्ता मोकळा होता. नुसतं उतरायचं होतं. पेंढीने बर्फात फतकल मारली. मागच्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

प्रशिक्षक वरून धावत आला. "तू बैठ क्यों गई?"

"सर, वो गिर गई थी ना."

"तो?"

 त्याच हिवाळ्यात ती आणखी एकदा अशीच बसली. ठरवून नाही, अंगच बसायचं. निवड करणाऱ्यांनी सांगून टाकलं की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा असं झालं तर संघात जागा नाही. तिच्या जागेवर यायला तिथल्या बर्फातच वाढलेल्या मुली तयार होत्या, आणि तसं होणं अन्यायाचंही नव्हतं.

ती घरी आली ती हेच डोक्यात घेऊन. दिवाळी झाली, गवत वाळलं, तशी ती मला आणि माझ्या बायकोला घेऊन गावी गेली. तिचं म्हणणं सरळ होतं. गवतावर लागलेली सवय गवतावरच मोडायची. कुणीतरी पुढे जाऊन मुद्दाम पडायचं, आणि हिने न बसता बाजूने निघून जायचं. पुन्हा पुन्हा, अंगाला कळेपर्यंत.

अंगणात बायका बसल्या होत्या. कुणीच हो म्हणेना. एक म्हणाली, "पडलेल्या बाईला टाकून पुढं जायचं शिकवायचं व्हय गं? आनि मग उद्या भाऱ्याला कोन यील तुज्यासंगं?"

तिची आई, माझी वहिनी, तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं. "माज्या घरात ह्ये होनार नाय."

"आई, तितं भारा नसतो गं मागं. पडलेलीला काय होत नाय."

"मला नको सांगू काय होतं नि काय नाय ते."

 वहिनी असं का बोलली, ते मला बायकोने हळूच सांगितलं. पेंढीच्या चुलतीचा पाय याच डोंगरावर मोडला होता. मागच्या बाईला बसायला क्षणभर उशीर झाला होता, आणि ती मागची बाई म्हणजे वहिनी. चुलती तेव्हापासून लंगडते. दोघींची चूल वेगळी झाली, पण तेव्हापासून आजपर्यंत चुलतीच्या घरचं पाणी वहिनीच भरते.

शेवटी त्या बायकांत बसलेली चुलतीच उठली, भिंतीला धरून. "मी पडते चल. मला पडायची सवय हाय."

"गप बस गं तू," वहिनी म्हणाली.

"का गप बसू? पाय माजा मोडला. राग कोनाला येयाचा तर मला यील. पोरगी चांगली धावत हाय आनि आमच्यापायी बर्फात बसतेय. गाव नाव ठेवतंय त्ये येगळंच. कशेळ्याच्या बाजारात मला इचारतात, तुमची पेंढी तिकडं शेकोटीला बसली का म्हनून."

बायका हसल्या. वहिनी हसली नाही. ती ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही जेवायला बसलो तेव्हा भात वाढता वाढता, कुणाकडेच न बघता म्हणाली, "सकाळी दोन भारे बांधा. एक माजा."

सकाळी आम्ही खालून पाहत होतो. वहिनी पुढे, पेंढी मागे. मधल्या उतारावर वहिनी कुशीवर पडली. पेंढी बसली. दुसऱ्यांदा पडली. पेंढी बसली. वहिनी पडल्या पडल्याच ओरडली, "अगं ये, मी काय झोपायला आलेय काय हितं? जा की बाजूनं." तिसऱ्यांदा पेंढी वरच्या अंगाने वळली, वहिनीच्या डोक्याकडून हातभर अंतराने गेली आणि खाली आली. खाली येऊन ढसाढसा रडली. चुलती तिच्या पाठीवर थापटत होती आणि वर बघून ओरडत होती, "वहिनी, उठा आता, झालं काम." अशा त्या दोघी त्या हंगामात किती वेळा उतरल्या ते मी सांगू शकत नाही, कारण आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. वहिनीच्या एका बाजूचं लुगडं पार विरलं होतं, एवढं पुढच्या भेटीत पाहिलं.

त्या हिवाळ्यातली देशपातळीची शेवटची फेरी आम्ही आमच्या घरी पाहिली. गावात नेट चालत नाही, म्हणून वहिनी आणि चुलती जीपने कर्जतला आल्या. पेंढीच्या संघातलं कुणीतरी मोबाइलवरून थेट दाखवत होतं. चित्र हलत होतं, पण तिचा हिरवा अंगरखा ओळखू येत होता. समोरच्या काकूही आल्या होत्या. चौघी सुटल्या. पेंढी तिसरी, मग दुसरी. खालच्या उडीनंतर पुढची लाल अंगरख्याची मुलगी तोल जाऊन आडवी झाली.  पेंढी किंचित दबली, तेवढं मला दिसलं. मग वरच्या अंगाने वळली आणि गेली. पहिली आली.

काकूंनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको चुलतीच्या गळ्यात पडली. वहिनी मोबाइलला नाक लावून तशीच बसली होती. "ती लाल उठली का?"

चित्र बंद पडलं होतं. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, लागेना. "वहिनी, आपली पेंढी जिंकली."

"त्ये बघितलं मी. ती लाल उठली का त्ये सांगा."

कुणालाच माहीत नव्हतं. चहा झाला, पेढे आले, वहिनीने काही तोंडात घातलं नाही. मग पेंढीचा फोन आला. वहिनीने अभिनंदन वगैरे काही केलं नाही, तोच प्रश्न विचारला. पलीकडून पेंढी इतक्या मोठ्याने बोलत होती की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "उठली गं आई. माज्या शेजारीच हाय. माजा चहा पन तीच प्यायली."

वहिनीने फोन चुलतीच्या हातात दिला आणि पेढा घेतला.

गावच्या मंडळाने कशेळ्याच्या नाक्यावर फलक लावला, त्यावर 'विश्वविजेती' असं छापलं. पेंढी आली ती आमच्याकडून डिंक आणि पांढरा कागद घेऊनच नाक्यावर गेली. स्टुलावर चढून 'विश्व' झाकलं. मंडळाची पोरं म्हणाली, "राहू दे की ताई, कोण मोजायला येतंय?" ती म्हणाली, "माजा मामा येतो." म्हणून इथे नीट लिहितो. देशातलं पहिलं स्थान तिला दोन हिवाळे मिळालं. परदेशातल्या शर्यतींत ती पहिल्या फेरीच्या पुढे गेली नाही. मग गुडघा दुखावला, एक हिवाळा बसून गेला, आणि नंतर तिला तिकडच्याच एका केंद्रात मुलींना शिकवायचं काम मिळालं. आता ती बाराही महिने तिकडेच असते.

कामावर रुजू व्हायला ती निघाली तेव्हा आम्ही कशेळ्याला जीपपर्यंत गेलो होतो. जीप भरायची होती. वहिनीने पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि चुलतीने दिलेली गोधडी कोंबली. मग विचारलं, "तिकडच्या पोरींच्या आया असतात का गं बघायला?"

"नाय गं. लांबलांबच्या गावच्या असतात पोरी. आया कुटून येनार?"

वहिनीने पिशवीचे बंद आवळले. "मग पोरगी पडली की उटली का नाय, त्ये त्यांना कोन सांगतं?"

पेंढीने आईकडे पाहिलं. "मी सांगीन. शर्यत संपली की पयला फोन त्यांनाच."

"संपल्यावर नाय," वहिनी म्हणाली. "उटली की लगेच."