चार ओळींची पोच

बाईंनी काही सांगितलं की त्याचं उत्तर द्यावंच लागे. "दार ओढून घे" म्हणाल्या आणि आपण मुकाट्याने ओढलं, तर ते चालत नसे. "ओढलं, बाई" असं तोंडाने म्हणायचं. याला त्या 'पोच' म्हणत. पोच मिळाली नाही तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणत. चार वेळा म्हणून झालं की मग दिवसभर त्या माणसाशी बोलत नसत. दोन हजार सालाच्या आसपास जाफराबादच्या बाजारात, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि अख्खं गाव त्यांना पोचबाई म्हणायचं. मी तिथंच शिकले आणि पुढे तिथंच शिकवायला लागले. तरी त्यांना ओळखत होते, असं अजून म्हणवत नाही.

इंटरनेटचा धडा आला की त्या एक पोस्टकार्ड फाडत. तुकड्यांवर आकडे घालून एकेका पोराला वेगळ्या गल्लीतून एसटी स्टँडवर धाडत आणि तिथं आकड्यांप्रमाणे पत्र जुळवून घेत. "पत्र अख्खं जातच न्हाई. तुकडे जातात, ज्याला जी वाट मोकळी त्या वाटेनं." एकदा तीन नंबरचा तुकडा वाटेत भजी खात बसला. बाईंनी तोच मजकूर पुन्हा लिहून एका पोरीबरोबर पाठवला. आम्ही खिदळत होतो. त्या म्हणाल्या, "हरवलेल्या तुकड्याला कुणी शोधत न्हाई. दुसरा पाठवतात."

अमेरिकेत पहिल्यांदा दूरदूरची दोन यंत्रं जोडली, तेव्हा पाच अक्षरांचा एक शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरं पोचली आणि यंत्र बंद पडलं. ही गोष्ट सांगून त्या दर वेळी विचारत, "समोरचा माणूस त्या दोन अक्षरांकडं बघत बसला असंल, न्हाई?" तेव्हा त्यांची नजर आमच्यावर नसे.

दुपारी दीड वाजता क्लासमध्ये कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. बाई फोन जोडत. मोडेम किंचाळून गप्प झालं की त्या चार आकडे टाइप करत. त्यांचा धाकटा भाऊ गजू परदेशात एका विद्यापीठात होता. त्याच्या टेबलावरच्या यंत्राचा तो पत्ता, आधी कधीतरी त्यानंच पत्रातून कळवलेला. "आहेस का?" एवढंच त्या यंत्राला विचारायची ती सोय. यंत्र चालू असेल तर एकेक करून चार ओळी उमटत. तोवर बाई श्वास घेत नसत. मग म्हणत, "आला कामावर." रविवारी काही उमटायचं नाही.

आई वारली तेव्हा गजू आला नव्हता. वडिलांनी, म्हणजे आबांनी, बाईंना तुळशीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, की त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. त्यातून बाईंनी ही वाट काढली. यात शब्द नसतोच. नुसती ओळीनं लावलेली बत्तीस इंग्रजी अक्षरं जातात आणि तीच परत येतात. "तुम्ही रोज विचारता, हे त्याला कळत असेल?" मी एकदा विचारलं. "त्याला न्हाई कळत," बाई म्हणाल्या. "यंत्राला कळतं. बस झालं." मला ते ऐकून फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

तिसऱ्या वर्षी गावातल्या फोनवर निरोप आला. गजू गाडीच्या अपघातात गेला होता आणि सगळं तिकडेच उरकलं होतं. दहावं झाल्यावर बाई क्लासला आल्या. दीड वाजता त्यांनी फोन जोडला. "बाई, आता कशाला?" मी म्हणाले. त्यांनी आकडे टाइप केले. चार ओळी आल्या, नेहमीपेक्षा जरा लवकरच आल्या. त्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसत असणार, हे मला कळत होतं, तरी मी त्या ओळी पुन्हा मोजल्या. रविवारी उत्तर आलं नाही. सोमवारी आलं. कुणीतरी रोज वेळेवर ते यंत्र चालू करत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी आबा जिना चढून आले. चपला बाहेर काढल्या. "तू त्याला रोज बघून राह्यली म्हणं," ते म्हणाले. बाईंनी त्यांना आपली खुर्ची दिली. ओळी उमटल्या. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत गेले.

"हाय?"

"यंत्र हाय, आबा."

"त्याचंच ना?"

"त्याचंच."

त्यानंतर ते दर बाजाराला येऊन बसू लागले. ओळी बघायचे आणि उठून जायचे. मी त्या वेळी खाली दुकानात जाऊन उभी राहायचे. मला तिथं थांबवत नसे. दिवाळीच्या आधी एकदा मात्र मी वरच होते. ओळी आल्या तशी आबांनी पडद्याच्या काचेवर तळहात टेकवला.

"शपथ सुटली," ते म्हणाले. "बिलकुल सुटली. आता बोल त्याला. म्हणावं, आबा बसलाय हितं."

"आबा, याच्यात शब्द जात न्हाईत."

आबांनी हात काढला नाही. मान वळवून त्यांनी बाईंकडे पाहिलं. "मंग तीन साल तू काय बोलून राह्यली व्हतीस त्याला?"

"काहीच न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमी सांगितलं व्हतं तसं."